भरपाई मागण्याची लाज

वैशाखातली गोष्ट. आमच्या मिरजेच्या घरात एका दाराचा फ्रीज आहे, आठ वर्षांचा. फ्रीजरमध्ये बर्फाचा थर इतका वाढला होता की ट्रे आत सरकेना आणि दार नीट लागेना. दाराचं रबर सैल झालंय हे मलाही दिसत होतं, म्हणून जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. दुकानदारानं एका मुलाला पाठवलं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्यानं फ्रीजची पिन काढली, दोन मिनिटं थांबला, मग पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून बर्फ टोकरायला लागला. मी म्हटलं, "अरे, वितळू दे की. तासाभरात आपोआप सुटेल." तो म्हणाला, "काकू, अजून पाच ठिकाणी जायचंय."

पुढच्याच मिनिटाला सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा जावी तसा बारीक फुस्स आवाज आला. तो थबकला. हात तसाच फ्रीजरमध्ये, मान खाली. आवाज पूर्ण थांबेपर्यंत तो हलला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गॅस आधीच कमी होता, काकू. आता चार्जिंग करायला लागंल."

मी त्याला व्हिजिटचे साडेतीनशे रुपये दिले आणि दार लावून घेतलं.

का दिले? काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मनात आलं, जाऊ दे, गरिबाचं पोरगं आहे, त्याच्याशी काय वाद घालायचा. स्वतःला मोठ्या मनाची समजून मी सासूबाईंची इन्सुलिनची पेनं शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवून आले, आणि तिथंच जिन्यात उभी राहून त्यांना सांगितलं, "त्या दुकानातनं कुणाला बोलावू नका हं, चोर आहेत सगळे." दुपारी माफ केलं आणि संध्याकाळी चोर ठरवलं. त्याच्या तोंडावर मात्र मी एक शब्दही बोलले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. चार हजारांचा खर्च दिसत होता हे खरं, पण त्याहून जास्त टोचत होतं ते माझं हे वागणं.

या वागण्यात मी एकटी नाही, म्हणूनच हे लिहायला बसले आहे. एसी धुताना आतल्या सर्किटमध्ये पाणी जातं. वॉशिंग मशीन बसवणारा माणूस मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायला विसरतो आणि पहिल्याच धुण्याला मशीन घरभर नाचतं. मिक्सरचं भांडं दुरुस्तीहून येतं ते कडेला चिरलेलं. सुतार कपाट सरकवताना टीव्हीच्या काचेला कोपरा लावतो. प्रत्येक घरात अशी एक तरी गोष्ट असते, आणि तिचा शेवट दोनच प्रकारांनी होतो. एक तर घरातला मोठा आवाज असलेला माणूस त्या कारागिराला दारातच वाट्टेल ते बोलतो, मजुरी बुडवतो आणि हाकलतो. नाही तर 'जाऊ दे' म्हणत सगळे गप्प बसतात आणि मागून त्याचं नाव खराब करतात. झालेलं नुकसान नेमकं मोजून, शांतपणे, समोर बसून, 'एवढं तुमच्या हातून झालं, एवढं तुम्ही भरून द्या' असं म्हणणारा माणूस आपल्याकडे कंजूष ठरतो किंवा भांडकुदळ. बाई असली तर विचारूच नका.

मला वाटतं, शिवीगाळ आणि 'जाऊ दे' या दोन्हींचं मूळ एकच आहे. समोरच्या माणसाला आपण बरोबरीचा धरत नाही. ज्याला बरोबरीचा धरत नाही त्याच्यावर ओरडता येतं किंवा त्याची कीव करता येते, हिशोब मात्र करता येत नाही. हिशोब दोन सारख्या माणसांतच होतो.

ही सवय काही आजची नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, चांभार यांना वर्षाचं बलुतं मिळायचं, खळ्यावर धान्याच्या रूपात. नांगराचा फाळ नीट बसला की नाही, मोट कुणामुळे फुटली, याची कामागणिक पावती नव्हती, कामागणिक पैसे नव्हते आणि कामागणिक जबाबदारीही नव्हती. होतं ते जन्माचं नातं, आणि त्यात कोण वर, कोण खाली हे आधीच ठरलेलं. काम बिघडलं तर पाटील शिव्या घालणार आणि बलुतेदार ऐकून घेणार. एखाद्या वर्षी बलुत्यात कपात होणार, एखाद्या वर्षी दया म्हणून दोन पायल्या जास्त पडणार. ती व्यवस्था मोडून पिढ्या लोटल्या, पण दारात आलेल्या कारागिराशी वागताना आपल्या जिभेवर ती अजून आहे. वयानं आपल्याएवढ्या माणसाला आपण सहज 'अरे' म्हणतो. त्याला पाणी देतो ते वेगळ्या पेल्यात. काम दोन तासांचं असलं तरी खुर्ची पुढे करत नाही. नाव विचारत नाही, 'फ्रीजवाला आलाय' म्हणून आतल्या खोलीत सांगतो. आणि मग त्याच्याकडून अपेक्षा करतो की त्यानं स्वतःची चूक ताठ मानेनं कबूल करावी. ज्याला मान ताठ ठेवायला जागाच दिली नाही, तो कबूल कसा करणार? तो 'गॅस आधीच कमी होता' असंच म्हणणार.

याच गावात वेगळं वागणंही मी पाहिलंय. मिरज हे सतारमेकरांचं गाव. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मान त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. माझ्या आत्याचा तंबोरा जवारी काढायला एका कारागिरांकडे दिला होता. जवारी काढायची म्हणजे घोडीचा माथा कानसेनं आणि पॉलिश पेपरनं केसाएवढा घासत जायचं. तार माथ्याला कुठं हलकेच टेकते आणि कुठं सुटते, यावर आवाजाची गोलाई अवलंबून. थोडं कमी घासलं तर आवाज बंद राहतो, थोडं जास्त घासलं तर घोडी वाया जाते. ती वाया गेली. आत्याला ते कळलंही नसतं. चार दिवसांनी ते स्वतः घरी आले, आत्यानं त्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, आणि बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, "बाई, तुमची घोडी माझ्या हातून गेली. दुसरी करून बसवलीय. तिचे पैसे नकोत, जवारीचे तेवढे द्या." आत्यानं चहा ठेवला. ना कुणाचा आवाज चढला, ना कुणी माफी मागितली. आत्या त्यांना 'अहो' म्हणायची, हे मला आता आठवतं. मी त्या पोराला काय म्हटलं होतं? 'अरे, वितळू दे की.' वयानं लहान म्हणून म्हटलं, हे खरं. पण त्याच्या जागी पन्नाशीचा माणूस असता तरी मी फार वेगळं बोलले असते, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

फ्रीजचं काम काही तंबोऱ्याहून कमी बारकाव्याचं नाही, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. दुसऱ्या मेकॅनिकना बोलावलं होतं. साठीचे गृहस्थ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी फ्रीज फिरवून मागचं स्टिकर वाचलं. म्हणाले, "आर-600ए आहे. त्या पोरानं दुसरा गॅस भरला नाही ना?" नाही म्हटल्यावर सुस्कारा सोडला. हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. घरच्या फ्रीजमध्ये तो थोडासाच, पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर असतो, पण पेटतो. आणि त्याला वास नसतो. त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये हाताशी असलेल्या सिलिंडरमधला आर-134ए भरून देणारे बरेच आहेत. फ्रीज चालू होतो, गिऱ्हाईक पैसे देतं, पण कॉम्प्रेसर त्या गॅससाठी बनलेलाच नसतो. मग त्यांनी फ्रीजरचा चिलर काढून माझ्या हातात दिला. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर दाबून चिकटवलेले, आणि त्यांच्यामध्ये फुगवलेल्या नळ्यांची जाळी, तळहातावरच्या शिरांसारखी. त्यातल्या एका शिरेवर टाचणीच्या टोकाएवढा छेद होता, आणि छेदाच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर घसरल्याचा इंचभर ओरखडा. खिडकीकडे धरला तर छेदातून उजेड दिसला.

उजेड दिसला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मला आमटी आठवली. तो फुस्स आवाज झाला तेव्हा चार हातांवर शेगडी पेटलेली होती आणि आमटी उकळत होती. गॅस थोडा होता, खिडक्या उघड्या होत्या, निभावलं. पण त्या मुलाला त्या दिवशी अजून पाच घरी जायचं होतं. मी गप्प बसून त्याच्यावर उपकार केले असं मला वाटत होतं. खरं तर पुढच्या पाच घरांतल्या स्वयंपाकघरांच्या जिवावर मी उदार झाले होते. 'जाऊ दे' म्हणताना जे जातं ते नेहमी आपल्याच पदरचं जातं असं नाही.

मी त्या वडीलधाऱ्या मेकॅनिकना म्हटलं, तुम्ही जे पाहिलं ते कागदावर लिहून द्याल का? ते गडबडले. "वहिनी, आपल्याच धंद्यातल्या माणसाच्या विरोधात कसं लिहू? उद्या तो माझ्याबद्दल लिहील." ही भीड मी समजू शकते. ती डॉक्टरांत असते, वकिलांत असते, शिक्षकांतही असते. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मी म्हटलं, कुणाची चूक ते लिहू नका, फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहा. त्यांनी बराच विचार केला, आणि बिलाच्या मागे सावकाश अक्षरात लिहिलं: चिलरला टोकदार हत्याराचा छेद, गॅस संपूर्ण गेलेला, कॉम्प्रेसर चांगला. खाली सही केली. बिल झालं 3,800 रुपयांचं.

आता कायद्याचं. कायदा कोरडा असतो असं म्हणतात, पण या बाबतीत मला तो आपल्या चालीरीतींपेक्षा जास्त माणुसकीचा वाटतो. आपण ज्याला साधं काम सांगणं म्हणतो तो कायद्याच्या नजरेत करार आहे, आणि 1872 चा भारतीय करार कायदा त्याला लागू होतो. कुणाची वस्तू दुरुस्तीसाठी आपल्या ताब्यात घेतली, तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी काळजी तिची घेतली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. नुकसान झालं तर त्यातून सरळ उद्भवणारं जेवढं आहे तेवढंच मागायचं, लांबून ओढून आणलेलं मागायचं नाही. शिवाय ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात ते कमी करण्याचे जे उपाय होते, तेही हिशोबात धरायचे. मला हे वाक्य फार आवडतं. मी इन्सुलिन शेजारी नेऊन ठेवलं नसतं, ते उन्हाळ्यात खराब होऊ दिलं असतं आणि मग त्याचे पैसे मागितले असते, तर ते अन्यायाचं झालं असतं. सोसणाऱ्यावरही कायदा शहाणपणाची जबाबदारी टाकतो.

दुसरा कायदा ग्राहकाचा. महाराष्ट्रानं याचा अभिमान बाळगावा असं बरंच आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, 24 डिसेंबर 1986 रोजी, देशाच्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आज त्याच्या जागी 2019 चा कायदा आहे, जुलै 2020 पासून लागू. या कायद्यात 'सेवा' या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यातून दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. एक, फुकट दिलेली सेवा. दोन, मालक आणि नोकर या नात्यातली सेवा. म्हणजे तुमच्या दारात आलेला मेकॅनिक तुमचा नोकर नाही, तो स्वतःच्या कौशल्याचा धनी आहे, असं धरूनच हा कायदा तुम्हाला त्याच्याकडे भरपाई मागण्याचा हक्क देतो. तुम्ही त्याला चाकर समजलात तर तुमचा हक्कच उरत नाही. समाजसुधारकांनी शंभर व्याख्यानांत सांगितलं असतं ते इथं एका वगळलेल्या शब्दात आलेलं आहे.

आणि फुकट सेवा बाहेर ठेवली, त्यातही अर्थ आहे. आपल्याकडे दुकानदार लगेच म्हणतो, "घरचंच समजा की वहिनी." हे 'घरचंच समजा' ऐकायला गोड असतं. पण त्या गोडव्यात पावती विरघळते, तारीख विरघळते, कुणी काय केलं तेही विरघळतं. आपणही त्याला हातभार लावतो. "जीएसटी लावू नका, कच्चंच द्या," असं आपणच म्हणतो. छोट्या दुरुस्तीवाल्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि तरीही त्याला साधी पावती देता येते, ती पूर्ण कायदेशीर असते. उलट मोबदला घेऊन पावती न देणं ही 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. म्हणजे पावती मागणं हा अविश्वास नाही. ती दोघांनाही राखते. चांगलं काम करणाऱ्या मेकॅनिकवर उद्या खोटा आळ आला तर त्यालाही तिचाच आधार.

मी दुकानात गेले ती चिलर कापडात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून. आमच्याकडे 'हे' म्हणाले होते, चार हजार गेले तर गेले, पण तोंड वाईट करून घेऊ नकोस. मी म्हटलं, तोंड वाईट करायला जात नाहीये, तोंड उघडायला जातेय.

दुकानदार भला माणूस आहे, हे आधीच सांगते. त्यानं चिलर पाहिला, बिल पाहिलं, मागची ओळ वाचली. आधी म्हणाला पोरगं नवीन होतं. मग म्हणाला आठ वर्षांचा फ्रीज, कधी ना कधी चिलर जाणारच होता. मग एकदम त्याचा चेहरा उतरला आणि तो आतल्या बाजूला ओरडला, "ए, बाहेर ये." तो मुलगा हातातली पक्कड तशीच घेऊन बाहेर आला. दुकानदार म्हणाला, "घ्या, समोर आहे. ह्याच्या पगारातनं कापून देतो तुम्हाला. मग तर झालं?"

या वळणाची मी मनात तयारी केली नव्हती. पगारातून कापून मिळालेले पैसे मी घेतले असते तर मागणी पुरी झाली असती आणि अन्याय दुप्पट झाला असता. मी नाही म्हटलं. काम तुमच्या दुकानाला सांगितलं होतं, साडेतीनशे तुमच्या दुकानाला दिले होते. फोन उचलला तुम्ही, घाईच्या पाच पत्त्यांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली तुम्ही, आणि बर्फ हत्यारानं टोकरायचा नाही हे न सांगता त्याला पाठवलंत तुम्ही. भरपाई दुकानानं द्यायची. त्याला शिकवायचं कसं, ते तुम्ही आणि तो बघा.

मुलगा इतका वेळ खाली बघत होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "माझ्याकडनं फुटला, काकू. आवाज आला तेव्हाच कळलं होतं मला."

या एका वाक्यासाठी मी तीन आठवडे थांबले होते, आणि ते मला आधीच मिळालं असतं. त्या दिवशी मी दार लावून घेण्याऐवजी एवढंच विचारलं असतं की "काय झालं, सांग बघू", तर कदाचित त्यानं तेव्हाच सांगितलं असतं. मी विचारलं नाही, म्हणून त्याला खोटं बोलावं लागलं, आणि मी त्याला चोर म्हणून मोकळी झाले. शेजारच्या वहिनींना मी त्याच संध्याकाळी परत जाऊन सांगितलं की ते चोर नाहीत, माझं बोलणं चुकीचं होतं. हे सांगणं फ्रीजच्या पैशांपेक्षा अवघड गेलं.

दुकानदाराचा एक मुद्दा मात्र खरा होता. आठ वर्षांच्या फ्रीजला नवा चिलर बसला, म्हणजे मला जुन्याच्या जागी नवं मिळालं. त्याचा फायदा मी फुकट का घ्यावा? अर्धा तास बोलून आम्ही 3,000 वर आलो, आणि व्हिजिटचे साडेतीनशे वेगळे परत. भाजी नासली, दूध दोनदा आणावं लागलं, त्याचं मी काही मागितलं नाही, कारण तीन आठवडे दुसरा माणूस न बोलावण्याचा आळस माझा होता. भरपाई मागणाऱ्यानं स्वतःचा वाटा वजा करायचा असतो. जुना टीव्ही फुटला म्हणून नवा मोठा टीव्ही मागणारे, 'मनस्तापाचे' म्हणून हवेतला आकडा लावणारेही मी पाहिले आहेत, आणि खऱ्या मागणीला बट्टा लावतात ते तेच.

तरीही दुकानदारानं नकार दिला असता तर? तर पुढचे रस्ते आहेत, आणि ते आपल्याला माहीत असायला हवेत. आधी तारीख घालून लेखी पत्र, पंधरा दिवसांची मुदत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, आमच्यासाठी सांगलीला. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारदार जिथं राहतो तिथंच ती दाखल करता येते. तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे तक्रार केलेला प्रत्येक जण सांगेल. म्हणून तीन हजारांसाठी मी तिथं आधी गेले नसते. पण ते दार आहे म्हणूनच दुकानात बसून बोलणं शक्य होतं.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून माणूस मागवणाऱ्यांना एक वेगळं सांगायचं आहे. तिथं नुकसान झालं की बोट सरळ ताऱ्यांकडे जातं. एक तारा दिला की आपला राग शांत होतो. त्या एका ताऱ्यानं त्या कामगाराला पुढची कामं मिळत नाहीत, तुमच्या एसीचं सर्किट मात्र जळालेलंच राहतं, आणि ज्या कंपनीनं तुमचे पैसे घेतले तिचं काहीच बिघडत नाही. जिन्यातल्या 'चोर'चंच हे नवं रूप. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो, त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. राग त्याच्याकडे न्या. लेखी न्या, फोटोसह न्या, बिघडलेला भाग फेकून न देता न्या. आणि त्या मुलाबद्दल लिहायचंच असेल तर जे झालं तेच लिहा.

शिकवण्याचंही बोललं पाहिजे. आयटीआयमध्ये फ्रीज-एसी दुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो करून आलेला मुलगा आणि 'चल माझ्याबरोबर, बघून शिकशील' असं सांगून उचललेला मुलगा, दोघांना आपण सारखीच मजुरी देतो, बहुतेक वेळा कमीत कमी. भाजीवाल्याशी करतो तशी घासाघीस त्यांच्याशी करतो. मग दुकानदार स्वस्त मुलगा ठेवतो, स्वस्त मुलाला पाच घरं देतो, आणि पाच घरं गाठायची तर बर्फ वितळायला वेळ कुठून आणायचा? छेद त्याच्या हातून पडला, पण त्या हाताच्या घाईत दुकानाचा वाटा आहे आणि आपल्या घासाघिशीचाही.

दुकानदारानं पैसे दिले तेव्हा मी त्याच्याकडून लिहून घेतलं आणि त्यालाही लिहून दिलं, की हा विषय इथं मिटला, यापुढे या फ्रीजबद्दल माझी काही मागणी नाही. तो कागद त्यानं दोनदा वाचला. असा कागद आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं त्याला दिला नव्हता. गिऱ्हाईक भांडून गेलं की पुढचे सहा महिने गल्लीत काय बोलत फिरेल याचीच त्याला धास्ती असायची.

दाराचं रबर अजून बदलायचं राहिलं होतं. ते बसवायला तोच मुलगा आला. मी त्याचं नाव विचारलं आणि खुर्ची दिली. तो आधी बसला नाही, मग बसला. जुनं रबर काढताना त्यानं दाराच्या कडेला एक बारीक तडा दाखवला. "हा आधीचा आहे, काकू. बघून घ्या," म्हणाला, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढूनच कामाला लागला.

येत्या सोमवारी पाण्याची मोटर वायंडिंगला न्यायला दुसऱ्या एका दुकानातून माणूस येणार आहे. त्यांना फोनवर सांगितलंय, येताना पावतीपुस्तक आणा, मोटरचा नंबर त्यावर लिहू. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "आणतो, ताई. कपाटात आहे कुठंतरी."